घर दिलं की माणूस सुधारतो का? (बेघरपणावरचं संशोधन, जरा सविस्तर)

उंबरठा (मूळ लेखन)

मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं, "बेघरांना घरं देऊन काही होत नाही, चार दिवसांत परत रस्त्यावर येतात." खाली भराभर +१ पडले. तिथे वाद घालत बसलो असतो तर मूळ धाग्याची वाट लागली असती, म्हणून हा वेगळा काढतोय. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर बरंच पक्कं काम झालंय आणि ते दोन्ही बाजूंना थोडंथोडं टोचतं. लांबण लागणार आहे, सवडीने वाचा.

सुरुवात १९९२ ची. न्यूयॉर्कमध्ये बेघर मनोरुग्णांसाठी तेव्हा पायऱ्यापायऱ्यांची रीत होती. आधी रात्रनिवारा, मग व्यसन सोडल्याचा पुरावा, मग औषधं नियमित घेतोय हे दाखवायचं, मग तात्पुरती खोली, आणि एवढं सगळं पार पडलं तर शेवटी स्वतःचं घर. मध्ये एकदा पाऊल चुकलं की पुन्हा तळाशी. वरच्या पायरीपर्यंत पोचणारे थोडेच, हे उघड आहे. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी 'पाथवेज टू हाउसिंग' नावाची संस्था काढून हा क्रम उलटा केला. आधी चारचौघांसारख्या इमारतीत भाड्याचं घर आणि किल्ली हातात. उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं भरायचं आणि संस्थेच्या माणसांना भेटू द्यायचं, एवढ्याच अटी. उपचार मागाल तेव्हा हजर. नको म्हणालात तर घर जात नाही.

लोकांनी अर्थातच वेड्यात काढलं. मग त्यांनी २२५ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना थेट घर, बाकीच्यांना जुनीच रीत. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. थेट घर मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के घरात टिकून होते. दारू, ड्रग्ज आणि मानसिक आजाराची लक्षणं यांत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

या "फरक नव्हता"ची गंमत बघा. विरोधक म्हणाले, बघा, सुधारले नाहीत. पण दुसऱ्या गटाला तर सुधारणं ही घराची अटच होती! त्यांनी व्यसनमुक्तीचे उपचारही जास्त घेतले, आणि तरी ते कमी पीत नव्हते. म्हणजे घर रोखून धरण्याच्या धमकीने व्यसन सुटत नाही. हा अर्धा निष्कर्ष लोक सोयीने गिळून टाकतात.

पुढे कॅनडाने हे मोठ्या प्रमाणावर केलं. 'अॅट होम / शे स्वा' प्रकल्प, २००९ ते २०१३. व्हँकूव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रियल आणि माँक्टन ही पाच शहरं, दोन हजारांहून जास्त माणसं. शेवटच्या सहा महिन्यांचा हिशेब असा : थेट घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के पूर्ण काळ घरात, २२ टक्के काही काळ, १६ टक्के अजिबात नाही. नेहमीच्या सेवा मिळालेल्यांत हेच आकडे ३१, २३ आणि ४६. चार दिवसांत रस्त्यावर येणारे सोळा टक्क्यांत शोधा.

आता दुसऱ्या बाजूला टोचणारं. याच प्रकल्पातल्या मध्यम गरज असलेल्या, म्हणजे आजार आणि मदतीची गरज तुलनेने कमी असलेल्या लोकांवरचा निबंध २०१५ मध्ये आला. घरात टिकण्याचं प्रमाण भरपूर वाढलं होतं, पण आरोग्याशी जोडलेल्या जीवनमानाच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर दोन्ही गट सारखेच. दोघेही सुधारले, पण घरवाले जास्त सुधारले असं दिसलं नाही. "घर दिलं की सगळं छान होतं" म्हणणाऱ्यांनी हाही निबंध वाचायला हवा.

मला यातून दिसतं ते असं. घर दिलं की बेघरपणा जातो. वाक्य हास्यास्पद वाटेल, पण कित्येक वर्षं धोरणं याच्या उलट गृहीतकावर चालली आहेत. आपण त्या एका घराकडून व्यसनमुक्ती, मनःस्वास्थ्य, नोकरी, आनंद आणि वर सरकारी तिजोरीची बचत एवढं सगळं मागतो, आणि त्यातलं एखादं आलं नाही की घराला नापास करतो. ज्यांना आधीपासून घर आहे त्यांच्यातही व्यसनी, उदास, बेकार माणसं आहेतच की. सुधारत नाही म्हणून त्यांचं घर कुणी काढून घेत नाही.

बोला आता.

वाटसरू

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री वाचतो.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण जरा एकाच बाजूला कललाय. माझे मुद्दे :

थेट घर देणाऱ्या अमेरिकेतल्या यूटा राज्याचं उदाहरण तुम्ही हुशारीने टाळलंत. २०१५ च्या आसपास "दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या ९१ टक्क्यांनी घटली" म्हणून जगभर बातम्या झाल्या. नंतर कळलं की त्यातली बरीच घट मोजायची पद्धत बदलल्यामुळे होती. असे चमत्कार दाखवले की पुढे खऱ्या आकड्यांवरही विश्वास बसत नाही.

दुसरं, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ मध्ये सगळा पुरावा चाळून अहवाल काढला. कायमच्या आधारयुक्त घरांमुळे (म्हणजे कायमचं घर आणि सोबत मदतीच्या सेवा) आरोग्य सुधारतं याला भक्कम पुरावा सापडला नाही, अपवाद फक्त एचआयव्हीबाधितांचा. अहो, एवढा खर्च करायचा आणि आरोग्यही सुधारणार नसेल तर करदात्याने काय समजायचं?

तिसरं, "घर दिलं की सरकारचा पैसा वाचतो" हे तर सरसकट खरं नाहीच.

उंबरठा

@शंकासुर, टाळलं नाही हो, लेख आधीच मारुतीच्या शेपटासारखा झाला होता. यूटाबद्दल शंभर टक्के सहमत.

पैसे वाचण्याचा मुद्दा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत लंगडा आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त वापरला जातो. कॅनडाचाच हिशेब घ्या. सेवांवर घातलेल्या दर १० डॉलरमागे जास्त गरज असलेल्यांच्या बाबतीत सरासरी ९.६० डॉलर इतर खर्चातून वाचले, मध्यम गरजवाल्यांच्या बाबतीत फक्त ३.४२. सर्वांत महागड्या दहा टक्क्यांच्या बाबतीत २१.७२. हे लोक सतत रुग्णालय, पोलीस, कोठडी अशा फेऱ्यात असतात, त्यांना घर देणं खरंच स्वस्त पडतं. बाकीच्यांना घर द्यायचं तर खर्च होणार, आणि तो होणार हे सरळ सांगावं. शाळा चालवताना आपण पोलिसांचा खर्च किती वाचला हे विचारत नाही.

अकादमींच्या अहवालाबद्दल : बहुतेक प्रयोग वर्ष-दोन वर्षांचे. वीस वर्षं उघड्यावर काढून खराब झालेलं यकृत चोवीस महिन्यांत पूर्ववत होईल ही अपेक्षा कुठून येते? अर्थात यावरून "जास्त काळ थांबलो तर सुधारेलच" असंही म्हणता येत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, वॉर्डात काम करते. आकड्यांतलं तुम्ही बघा, मी दिसतं ते सांगते.

डिस्चार्जच्या कागदावर सूचना छापलेल्या असतात. पाय उंच ठेवा, जखम कोरडी ठेवा, ड्रेसिंग दिवसाआड बदला, इन्सुलिन थंड जागी ठेवा. वरती पत्त्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते तेव्हा त्या सूचना वाचून दाखवताना माझी मलाच लाज वाटते. मधुमेहाची जखम असलेले एक आजोबा परत परत भरती व्हायचे. बूट काढायलाच तयार नसत. विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, झोपताना काढले की सकाळी दुसऱ्याच्या पायात असतात." बूट चोवीस तास पायात, आत मोजे ओले, जखम भरणार कधी? फाइलवर मात्र शेरा असतो : रुग्ण सहकार्य करत नाही.

आणखी एक. अशा रुग्णांना सगळे विसरभोळे, चिडके, "डोक्याने जरा कमी" समजतात. टोरांटोत ९०४ बेघर लोकांच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास २००८ मध्ये आला होता. त्यात ५३ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूला इजा झालेली होती, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांना पहिली इजा बेघर होण्याच्या *आधी*. पडणं, अपघात, मारहाण. भेटीची वेळ विसरला म्हणून ज्याचं नाव यादीतून उडतं, त्याच्या डोक्याला काय झालं होतं हे कुणी विचारलेलं नसतं.

इंग्लंड-वेल्समध्ये बेघर लोकांच्या मृत्यूंची अधिकृत नोंद व्हायची. २०२१ मध्ये मरताना सरासरी वय पुरुषांचं ४५.४, बायकांचं ४३.२. यावर अजून काय लिहू?

आकडेमोड

@रात्रपाळी, प्रतिसाद फार आवडला. एक किरकोळ तळटीप, रागावू नका : मृत्यूच्या वेळचं सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. बेघर लोकांत मुळात म्हातारी माणसं कमी असतील तर ती सरासरी आपोआपच खाली येते. त्यापेक्षा त्याच वयाच्या इतर लोकांशी तुलना करावी. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली आलेल्या पाहणीत बेघर, कैदी, देहविक्रय करणारे आणि व्यसनाधीन अशा समाजाबाहेर फेकलेल्या गटांचा मृत्युदर इतरांच्या तुलनेत पुरुषांत सुमारे आठ पट आणि स्त्रियांत सुमारे बारा पट निघाला होता. म्हणजे तळटीप काढूनही चित्र भयानकच आहे.

आता माझा मुद्दा. इथे सगळे "घर दिल्यावर काय होतं" यावर बोलताहेत. माणूस बेघर होतो का, हे कुणी बोलतच नाही. सर्वसाधारण उत्तर असतं : दारू, वेड, आळस. मग अमेरिकेचा नकाशा उलगडा. ड्रग्जच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंत वेस्ट व्हर्जिनिया वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर, पण लोकसंख्येच्या मानाने बेघर लोक तिथे कमी. सॅन फ्रान्सिस्को आणि सिअॅटलमध्ये भरपूर. फरक कशाचा? भाड्याचा. तिथल्या संसदेला अहवाल देणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने २०२० मध्ये काढलेला संबंध असा की मध्यम भाडं १०० डॉलरनी वाढलं की त्या भागातला बेघरपणाचा दर सुमारे ९ टक्के वाढलेला दिसतो.

संगीत खुर्ची आठवा. गाणं थांबल्यावर उभा कोण राहतो? ज्याचा पाय दुखतोय तो. म्हणून त्याची मुलाखत घेतली तर "पायामुळे हरलो" असंच सांगेल, आणि ते खोटं नाही. पण खुर्च्या किती मांडल्या होत्या हे त्याच्या पायावरून कळत नाही. व्यसन आणि आजार यांवरून *कोण* बेघर होईल याचा अंदाज येतो. *किती* होतील ते घरांची संख्या आणि भाडं ठरवतं. बेघर लोकांच्याच मुलाखती घेऊन केलेल्या संशोधनात खुर्च्यांचा भाग हमखास निसटतो.

शंकासुर

खुर्चीचं पटलं. पण मग तुम्ही लोक घरं बांधा म्हणायला हवं, ज्याने व्यसन सोडलं नाही त्याला रांग तोडून पुढे का घ्यायचं? वीस वर्षं इमानदारीत भाडं भरणाऱ्याने काय घोडं मारलंय?

वाटसरू

वाचलं. रांगेचा प्रश्न मलाही पडला होता. बाकी धागा निवडणुकीकडे वळवू नका रे, इतका चांगला चाललाय.

आकडेमोड

@शंकासुर, रांगेतले सगळे एकसारखे नसतात. कून आणि कल्हेन या दोघांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सुमारे ८० टक्के माणसं एकदा येऊन थोड्या दिवसांत आपापल्या वाटेने जाणारी. सुमारे १० टक्के मात्र वर्षानुवर्षं तिथेच, आणि निवाऱ्यातल्या एकूण दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस त्यांच्या नावावर. ऐंशी टक्क्यांना थोडी मदत पुरते : थकलेलं भाडं, अनामत रक्कम. रांग अडवून बसलेत ते हे दहा टक्के. ते घरात गेले तर निवाऱ्याची निम्मी जागा मोकळी होते. तुमच्या इमानदार भाडेकरूला एक दिवस तीच जागा लागू शकते.

चिमणी

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी रस्त्यावर कधी झोपले नाही, त्यामुळे स्वतःला बेघर म्हणायला जीभ रेटत नाही. भाड्याची खोली सोडावी लागली, पगार थकलेला, मग ओळखीच्यांकडे राहिले. एकाकडे, मग दुसरीकडे. सगळे चांगलेच वागले, तक्रार नाही.

पण मी रोज रात्री फोनचा चार्जरसुद्धा काढून बॅगेत ठेवायची. भिंतीला लटकत राहिला तर "ही इथेच मुक्काम ठोकणार" असं वाटेल ना कुणाला. सकाळी सगळ्यांच्या आधी अंथरूण गुंडाळून दाराआड. आंघोळीची वेळ त्यांच्या घाईच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही. आजारी पडायची तर भीतीच. पाहुणी आजारी पडली की घरात कुजबुज सुरू होते. कुणाच्याही मोजणीत मी आले नसेन.

कॅलिफोर्नियाचा २०२३ चा मोठा अभ्यास इथल्याच कुणीतरी दिलेल्या दुव्यावरून वाचला होता. सुमारे ३,२०० लोकांची पाहणी. ज्यांच्या नावावर भाडेकरार होता त्यांना घर सोडायला मिळालेली मुदत मध्यमानाने १० दिवस. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणजे माझ्यासारखे दुसऱ्याकडे राहणारे, त्यांना १ दिवस. वाचून पोटात खड्डाच पडला.

उंबरठा

@चिमणी, लिहिलंत हे फार बरं केलंत. आणि जीभ रेटत नसली तरी संशोधनाच्या दृष्टीने तुम्ही मोजणीत बसता. बेघरांसाठी काम करणाऱ्या युरोपीय संस्थांचा 'फेआन्त्सा' म्हणून महासंघ आहे, त्यांनी २००५ मध्ये वर्गवारी केली. चार मुख्य कप्पे : डोक्यावर छप्परच नाही, छप्पर आहे पण घर नाही, म्हणजे निवारे वगैरे, घर आहे पण कधीही जाईल असं, आणि राहण्यालायक नसलेलं घर. दुसऱ्याकडे नाइलाजाने राहणारे तिसऱ्यात येतात. एका रात्री रस्त्यावर हिंडून डोकी मोजणाऱ्या पद्धतीत हा कप्पा पूर्ण गायब असतो, आणि त्यात बायका जास्त असतात असं बरेच अभ्यासक सांगतात. दुसऱ्याच्या सोफ्यावर, किंवा मार खात त्याच घरात.

त्यावरून आठवलं. अमेरिकेत बेघर कुटुंबांवर मोठा प्रयोग झाला, २,२८२ कुटुंबं, सगळी निवाऱ्यात आलेली. काहींना दीर्घकाळ भाड्याला मदत, काहींना थोड्या काळापुरती, काहींना समुपदेशन वगैरे सेवांसह तात्पुरती वसाहत, बाकीच्यांना नेहमीचंच. दीर्घ मदतवाल्या गटात बेघरपणा तर निम्म्याहून कमी झालाच, शिवाय आयांचा मानसिक ताण कमी झाला आणि जोडीदाराकडून होणारी मारहाण साधारण निम्म्यावर आली. त्या घरांत समुपदेशक नव्हता. भाडं भरलं जाणार याची खात्री होती, त्यामुळे सोडून जाता येत होतं. सेवांनी भरलेल्या वसाहतीत असं काही विशेष घडलं नाही.

भिंतीची_ओल

सगळे किल्लीबद्दल बोलताय, दाराच्या आत काय आहे याबद्दलही बोला. मेक्सिकोत 'पिसो फिर्मे' म्हणजे पक्की जमीन नावाची सरकारी योजना होती, कोआविला राज्यात २००० साली सुरू झाली. मातीच्या जमिनीवर सिमेंटचा थर, बास. भिंती त्याच, छप्पर तेच. अर्थतज्ज्ञांनी तोरेऑन शहराची तुलना लगतच्या दुसऱ्या राज्यातल्या, योजना नसलेल्या शहरांशी केली. मातीची जमीन पूर्ण झाकली तर लहान मुलांच्या पोटातले जंत ७८ टक्क्यांनी कमी, जुलाब ४९ टक्क्यांनी, रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी, असा हिशेब निघाला. मुलांची आकलनशक्तीही वाढली. आणि आयांचं नैराश्याचं मापन जवळपास निम्म्याने घटलं! जमिनीवर रांगणारं मूल तोंडात काय घालतंय ही चिंता दिवसभर डोक्यात नसली तर काय होतं ते बघा.

न्यूझीलंडमध्ये फिलिपा हाउडन-चॅपमन यांच्या गटाने १,३५० घरांत थंडी अडवणारा अस्तर-थर बसवून बघितला (२००७). खोलीचं तापमान वाढलं किती, तर जेमतेम अर्धा अंश. पण प्रकृती बरी नाही म्हणणाऱ्यांचं प्रमाण बरंच घटलं, मुलांच्या शाळेतल्या आणि मोठ्यांच्या कामावरच्या दांड्याही घटल्या. घर कोरडं होणं हाही त्याचाच भाग. ओल या विषयावर मी तासभर बोलू शकतो, नावावरून कळलंच असेल.

शंकासुर

हे मात्र आवडलं, ठोस आहे. मग लॅटिन अमेरिकेतलाच दुसरा अभ्यास पण सांगा की. तिथे झोपडीवासीयांना १८ चौरस मीटरची लाकडी घरं दिली. एल साल्वादोर, मेक्सिको आणि उरुग्वे. सुरुवातीला समाधान खूप वाढलं, आणि सरासरी आठ महिन्यांनी त्या वाढीतला ६० टक्के भाग ओसरला. आनंद टिकत नसेल तर "घराने बरं वाटतं" या विधानाचं काय करायचं?

भिंतीची_ओल

काही नाही करायचं. जंत परत आले का ते बघायचं.

उंबरठा

वरच्या उत्तराला माझे +१००.

थोडं गंभीरपणे. सवय होणं हा माणसाचा स्वभाव आहे. पगारवाढीचा आनंदही ओसरतो, म्हणून पगार परत कुणी देत नाही. पण शंकासुर यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय, आपण मोजतो काय? "तुम्ही किती समाधानी आहात, दहापैकी" या प्रश्नाच्या उत्तरात रात्री बूट काढून झोपता येणं कुठे दिसतं? चार्जर भिंतीला राहू देणं कुठे दिसतं? न्यूझीलंडच्याच डुपुइ आणि थॉर्न्स यांनी १९९८ मध्ये घरामुळे मिळणाऱ्या सुरक्षिततेची लक्षणं मांडली होती : जागा बदलत नाही, दिवसाला रोजचा आकार येतो, कुणाची नजर नसते, आणि "मी कोण" हे उभं करायला आधार मिळतो. डेबोरा पॅजेट यांनी न्यूयॉर्कमध्ये नव्याने घर मिळालेल्या मनोरुग्णांशी सविस्तर बोलून २००७ मध्ये लिहिलं, त्यातही हीच लक्षणं सापडली. आणि त्यांना पुढचा भागही दिसला. घर मिळून स्थिरावलं की "आता पुढे काय?" हा प्रश्न तोंड वासून उभा राहतो. जगण्याच्या धावपळीत तो सुचतच नव्हता. अशा वेळी समाधानाचा आकडा खाली गेला तर मला नवल वाटणार नाही.

रात्रपाळी

एकटेपणाही असतो हो. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका बाईंना खोली मिळाली. भेटल्या तेव्हा म्हणाल्या, रस्त्यावर निदान रात्री कुणी खोकलं तर ऐकू यायचं. दार बंद करायची सवय व्हायला वेळ लागतो. पण खोली सोडणार का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

आकडेमोड

फिनलंड राहिलंच. तिथे १९८० च्या दशकात बेघरांची संख्या पंधरा हजारांच्या वर होती. २००८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, निवारे बंद करून त्याच इमारतींत स्वतंत्र सदनिका काढल्या, कर्मचारी तिथेच. २०२३ अखेर आकडा साडेतीन हजारांच्या आत. आणि @चिमणी, ते लोक ओळखीच्यांकडे राहणाऱ्यांनाही मोजतात. त्यांच्या यादीत सर्वांत मोठा गट तोच.

फिनलंडची भजनं गाणाऱ्यांनी पुढचं वर्षही बघावं : २०२४ मध्ये आकडा पुन्हा वाढला, दशकभरात पहिल्यांदाच. दरम्यान घरभत्त्यात आणि इतर सामाजिक मदतीत कपात झाली होती. एकाच वर्षाचा आकडा आहे, त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही, पण खुर्च्यांचा सिद्धांत आठवतो खरा.

जाता जाता, व्हँकूव्हरचा रोख पैशांचा प्रयोग : ५० बेघर लोकांना एकरकमी ७,५०० कॅनेडियन डॉलर, कुठलीही अट नाही. दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. वर्षभरात तुलनेच्या गटापेक्षा ९९ दिवस कमी बेघर. आणि मानसिक समाधानाच्या मोजणीत? फरक नाही. परत तेच.

शंकासुर

त्या प्रयोगातून गंभीर व्यसन आणि गंभीर मानसिक आजार असलेले आधीच वगळले होते, हे सांगायला विसरलात. रस्त्यावर डोळ्यांना दिसतात ते नेमके तेच लोक.

आकडेमोड

बरोबर, आणि शिवाय बेघर होऊन दोन वर्षांच्या आत असलेलेच घेतले होते. पण पाथवेज आणि कॅनडा या दोन्ही प्रयोगांत मानसिक आजार ही *प्रवेशाची अटच* होती, आणि बऱ्याच जणांना सोबत व्यसनही होतं. सोप्या माणसांवर रोख रकमेचा प्रयोग झाला आणि अवघड माणसांवर घराचा. दोन्ही प्रश्नपत्रिका वेगळ्या आहेत, एकीचे गुण दुसरीत धरू नका.

शंकासुर

धरत नाही. घरात टिकतात हे मान्य करतो, सोळा टक्के सोडून. त्या सोळा टक्क्यांचं काय करायचं यावर कुणी काही केलंय का? सगळे यशोगाथाच लिहितात.

उंबरठा

त्यांच्यावर कॅनडावाल्यांनी स्वतंत्र विश्लेषण केलंय. आधी जास्त काळ बेघर राहिलेले आणि तुरुंगात जास्त राहिलेले त्यात थोडे अधिक सापडतात. पण कोण टिकणार नाही हे आधी ओळखता येईल इतका फरक कुठल्याच गोष्टीत दिसला नाही. म्हणून ते म्हणतात की गाळणी लावू नका, घर द्या, आणि नाही जमलं तर दुसरं घर द्या. काहींना तिसरंही लागलं. ज्यांना स्वतंत्र फ्लॅट झेपत नाही त्यांच्यासाठी चोवीस तास कर्मचारी असलेली इमारत हा पर्याय व्हँकूव्हरमध्ये सोबत तपासला होता, आणि तिथेही माणसं टिकली. त्यावर सविस्तर लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल. @रात्रपाळी, तुम्ही सोबत लिहिणार असाल तर काढतो.

रात्रपाळी

लिहिते. या आठवड्यात रात्रीच आहेत, पुढच्या आठवड्यात बसू.